भौतिकशास्त्राचे उच्च शिक्षण : विद्यापीठ कसे निवडावे?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरव समारंभाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणिसांनी मला केली आणि विषयही त्यांनीच ठरवून दिला. त्यास कारण आहे. ज्यांचा आपण आताच गौरव केला त्या विद्यार्थ्यांत भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली तीन मुले आहेत आणि त्यांपैकी दोन मुली आहेत. आपल्या ज्ञातीत डॉक्टर झाले, इंजिनियर झाले, बँकांतील अधिकारी तर घरोघरी आहेत; परंतु मूलभूत विज्ञानाची वाट धरणारे विरळा. त्यामुळे या मुलांच्या आईवडिलांस, 'पुढे कोठे पाठवू?' असे विचारावयास घरचे जाणते माणूस सापडत नाही. मी स्वतः मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलेला मनुष्य. पुंजयामिकी समजावून सांगणे माझ्या अधिकाराबाहेरचे आहे. पण निवृत्तीनंतर मुलांचे अर्ज भरून देण्याच्या निमित्ताने ही वाट मी बरीच न्याहाळली आहे, आणि तेवढ्याच भांडवलावर बोलणार आहे.

पालक मला विचारतात, 'गुरुजी, सगळ्यांत चांगले विद्यापीठ कोणते?' माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. आपण मुलीसाठी स्थळ पाहतो तेव्हा केवळ घराणे मोठे म्हणून होकार देतो काय? मुलगा कसा आहे, सासू कशी आहे, घरात बोलचाल कशी आहे, याची चौकशी दहा ठिकाणी करतो. आणि पीएच्.डी.साठी पाच-सहा वर्षे ज्या मार्गदर्शकाच्या हाताखाली आयुष्याचा उमेदीचा काळ घालवावयाचा, त्याचे नावही प्रवेश घेईपर्यंत आपणांस ठाऊक नसते! विद्यापीठांच्या क्रमवाऱ्या वर्तमानपत्रांत छापून येतात. आपल्या सरकारनेही २०१६ पासून तशी यादी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्या याद्या सर्वस्वी निरर्थक आहेत असे मी म्हणत नाही. पण त्या संपूर्ण संस्थेचे माप घेतात. तुमच्या मुलास ज्या कोपऱ्यात बसून काम करावयाचे आहे, तो कोपरा उजेडाचा आहे की अंधाराचा, हे यादी सांगत नाही.

यासाठी आधी मुलाने स्वतःस विचारावे, की मला भौतिकशास्त्रातील नेमके काय आवडते? हे शास्त्र म्हणजे एक घर नसून मोठा वाडा आहे. कोणी घनपदार्थांचे गुणधर्म अभ्यासतो, कोणी मूलकणांचा शोध घेतो, कोणी ताऱ्यांचा नि दीर्घिकांचा, कोणी लेसर किरणांचा, तर कोणी जिवंत पेशींतील हालचालींना भौतिकशास्त्राचे नियम लावून पाहतो. त्यांतही काहींचे काम कागद, पेन्सिल आणि संगणक यांवर चालते, तर काहींचे प्रयोगशाळेत, यंत्रांच्या संगतीत. ज्यास हाताने जुळवाजुळव करण्याची हौस आहे त्याने, 'सिद्धांताचे काम उच्च आणि प्रयोगाचे हलके' या खुळ्या समजुतीपायी आपली हौस मारू नये. ही समजूत आपल्या देशात फार आहे, आणि तिने पुष्कळ चांगल्या हातांचे नुकसान केले आहे.

प्रायोगिक काम करावयाचे तर उपकरण कोठे आहे हे पाहिलेच पाहिजे. विभा चौधरी यांची हकीकत मी मुलांना नेहमी सांगतो. कलकत्ता विद्यापीठातून १९३६ साली त्या एम्.एस्सी. झाल्या तेव्हा वर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या. देवेंद्रमोहन बोस यांच्यासमवेत त्यांनी छायाचित्रणाच्या काचा डोंगरमाथ्यावर ठेवून विश्वकिरणांतील नवे कण हुडकण्याचे काम आरंभिले. दिशा योग्य होती. परंतु महायुद्धाच्या काळात अधिक संवेदनक्षम काचा त्यांना मिळू शकल्या नाहीत आणि काम पुरे होण्याआधीच थांबले. पुढे इंग्लंडात सेसिल पॉवेल यांनी तशाच पद्धतीने, पण सुधारलेल्या काचा वापरून १९४७ साली पायॉन कण शोधला आणि १९५० चे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. बुद्धीत उणीव नव्हती, उणीव काचेत होती! विभाबाईंनी पुढे मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत डॉक्टरेटचे काम केले आणि नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्या पहिल्या स्त्री संशोधक म्हणून रुजू झाल्या.

आता आपल्या देशातील स्थिती त्या काळासारखी राहिलेली नाही. रेडिओ खगोलशास्त्राची आवड असेल तर नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली दुर्बीण उभी आहे. ती चालविणारे केंद्र पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे आणि ते टाटा संस्थेचेच अंग आहे. जगभरचे शास्त्रज्ञ तेथे निरीक्षणासाठी वेळ मागतात, आणि आपली जुन्नर तालुक्यातील मंडळी ती पाहण्यास केवळ सहलीसाठी जातात! त्याच आवारात डॉ. जयंत नारळीकरांनी १९८८ साली उभी केलेली 'आयुका' ही संस्था आहे. लेसर किंवा कणत्वरक यांची गोडी असेल तर इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, प्लाझ्मासाठी गांधीनगर, अंतराळविज्ञानासाठी विक्रम साराभाईंनी १९४७ साली स्थापिलेली अहमदाबादची संस्था, अशी ठिकाणे आहेत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास २०२३ साली केंद्र सरकारने सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. आज जो मुलगा बी.एस्सी.ला आहे, तो शिकून तयार होईल तेव्हा अशा कामांसाठी माणसे लागणार आहेत.

सैद्धांतिक कामात उपकरणाहून माणूस मोठा. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत होते तेव्हा, १९२९ साली, म्हणजे वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या आतच, त्यांनी आपला एक निबंध केंब्रिजच्या राल्फ फाउलर यांस पाठविला. फाउलरांनी तो रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध होईल असे पाहिले. पुढच्या वर्षी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा कोठे जावयाचे हा प्रश्न चंद्रशेखरांना पडलाच नाही. फाउलर जेथे, तेथे जावयाचे. श्वेतबटू ताऱ्यांवर फाउलरांनी १९२६ साली लिहिले होते आणि तोच धागा या तरुणाने पकडला होता. १९३० च्या जुलैअखेर मुंबईहून बोट सुटली आणि त्या प्रवासातच, ताऱ्याच्या वस्तुमानाला एक मर्यादा असते, हे गणित त्यांनी मांडले. त्या गणिताचे मोल नोबेल पारितोषिकाच्या रूपाने १९८३ साली जगाने मान्य केले. येथे बसलेल्या मातांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. मुलगा निघाला तेव्हा आई दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेली होती. मुलाने राहू नये, जावे, असा आग्रह तिचाच होता. १९३१ साली ती गेली. पुनर्भेट झाली नाही.

कोणी म्हणेल, फाउलर ओळखावयास चंद्रशेखरच पाहिजे. आमच्या मुलाने काय करावे? आज ते पूर्वीपेक्षा कितीतरी सोपे झाले आहे. १९९१ साली पॉल गिन्सपार्ग यांनी सुरू केलेला 'आर्काइव्ह' नावाचा निबंधसंग्रह इंटरनेटवर कोणासही फुकट वाचावयास मिळतो. मुलाने आपल्या आवडीच्या विषयावरील अलीकडचे निबंध तेथे पाहावे. सर्व समजणार नाहीत. दहांतील दोन कळले तरी पुरे. पण कोणती नावे पुनःपुन्हा येतात, ती माणसे कोणत्या संस्थेत आहेत, त्यांच्या जोडीला विद्यार्थ्यांची नावे छापली जातात की नाही, एवढे तर दिसेलच. नंतर त्या विभागाच्या पानावर जाऊन त्या गुरूचे मागील विद्यार्थी आज कोठे आहेत ते पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेथे सध्या शिकत असलेल्या एखाद्या विद्यार्थ्यास नम्रपणे पत्र लिहावे: पदवीस किती वर्षे लागतात, मार्गदर्शक भेटतात काय, विद्यावेतन वेळेवर मिळते काय? ज्या प्रयोगशाळेतील विद्यार्थी या प्रश्नांना मोकळेपणी उत्तर देण्यास कचरतात, तेथून दोन पावले दूर राहावे हे बरे.

आता वाटांविषयी. आपल्या देशात बी.एस्सी.नंतर मुख्य दार आहे ते 'जॅम' या परीक्षेचे. तिच्या गुणांवर आय्.आय्.टी.त एम्.एस्सी.स प्रवेश मिळतो, तसेच बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एम्.एस्सी. आणि पीएच्.डी. एकत्र देणाऱ्या अभ्यासक्रमासही ते गुण धरतात. टाटा संस्था स्वतःची परीक्षा घेते. 'जेस्ट' नावाच्या परीक्षेवर अनेक संशोधन संस्था मुलाखतीस बोलावतात. एम्.एस्सी.नंतर 'नेट' आणि 'गेट' आहेतच. पालकांस ज्या गोष्टीची कल्पना नसते ती ही, की संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यास खर्च करावा लागत नाही, उलट त्यास वेतन मिळते. २०२३ च्या जानेवारीपासून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती महिना ३७,००० रुपये आणि पुढील वर्षांत ४२,००० रुपये अशी करण्यात आली, घरभाडे निराळे. 'अजून शिकतोच आहे' असे म्हणून ज्या मुलाकडे नातेवाईक कीव करून पाहतात, तो मुलगा पुष्कळदा त्या नातेवाइकांच्या कमावत्या चिरंजीवाहून अधिक घरी आणीत असतो!

मोठ्या परीक्षेत यश आले नाही तर आपल्या विद्यापीठाचा विभाग आहेच, आणि तो कमी लेखण्याचे काही कारण नाही. सत्येंद्रनाथ बोस १९२४ साली डाक्क्याच्या नव्या विद्यापीठात शिकवीत होते. तेथूनच त्यांनी आइन्स्टाइनला आपला निबंध पाठविला आणि त्यांचे नाव शास्त्रात कायमचे कोरले गेले. त्यांच्यापाशी डॉक्टरेट नव्हती. एम्.एस्सी. पुणे किंवा मुंबई विद्यापीठातून उत्तम करून मग पीएच्.डी.स मोठ्या संस्थेत जाणारे विद्यार्थी दरवर्षी निघतात. मात्र त्या दोन वर्षांत सुट्टी झोपून घालवू नये. टाटा संस्था आणि आयुका येथे उन्हाळ्याच्या सुट्टीत निवडक विद्यार्थ्यांस शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करावयास मिळते. त्या दोन महिन्यांत मुलास कळते की हे जीवन आपणांस मानवेल की नाही. आणि मानवले तर पुढे शिफारसपत्र देणारा, आपणांस खरोखर ओळखणारा माणूस जोडला जातो. आपल्याकडील प्राध्यापक 'हा विद्यार्थी आज्ञाधारक व सुशील आहे' अशी जी पत्रे देतात, त्यांचा परदेशी विद्यापीठात काडीचाही उपयोग होत नाही.

परदेश हा शब्द निघाला, तेव्हा येथे मी जरा थांबणार आहे. कारण यात घरेदारे गहाण पडतात. अमेरिकेत भौतिकशास्त्राच्या पीएच्.डी.स ज्या विद्यार्थ्यास घेतात, त्याची फी सामान्यतः विद्यापीठ माफ करते आणि प्रयोगशाळेत शिकविण्याच्या किंवा संशोधनात साहाय्य करण्याच्या मोबदल्यात निर्वाहापुरते वेतनही देते. एम्.एस्.चे तसे नाही. त्या पदवीचा खर्च बहुधा विद्यार्थ्यासच सोसावा लागतो. इंजिनियर मुले कर्ज काढून एम्.एस्. करतात आणि नोकरी लागल्यावर ते फेडतात, हे पाहून भौतिकशास्त्राच्या मुलाचे पालकही तोच कित्ता गिरवू लागतात. परंतु भौतिकशास्त्राच्या नुसत्या एम्.एस्.ला तशी बाजारपेठ नाही. आपल्याच एका कुटुंबाने गावाकडील जमीन तारण ठेवून मुलास अशा पदवीसाठी धाडले. मुलगा हुशार, अभ्यासही त्याने मन लावून केला. आता पुढे पीएच्.डी.चे वेतन घेत तो एकीकडे शिकतो आहे, तर दुसरीकडे वडील सेवानिवृत्तीच्या पैशातून हप्ते भरीत आहेत. हाच मुलगा येथे एम्.एस्सी. करून सरळ पीएच्.डी.स गेला असता तर जमीन मोकळी राहिली असती. त्यास अमेरिकेची वाट दाखविणाऱ्या सल्लागाराने या फरकाविषयी चकार शब्द काढला नव्हता; त्याची दलाली विद्यापीठाकडून यावयाची होती.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की जे विद्यापीठ भौतिकशास्त्राच्या पीएच्.डी.स बोलावते पण वेतन देत नाही, ते आपणांस खरोखर बोलावीत नाही असे समजावे आणि पत्र फडताळात ठेवून द्यावे. वेतनासह निमंत्रण आले तरी उतावीळ होऊ नये. तेथील बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी आपसांत असा संकेत पाळला आहे, की आर्थिक साहाय्याच्या निमंत्रणास विद्यार्थ्याने १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यावे. तोपर्यंतचा वेळ आपल्या हक्काचा आहे; तो चौकशीत घालवावा. २०२५ साली अमेरिकी सरकारने संशोधनाच्या अनुदानांत कपात केली तेव्हा काही विद्यापीठांनी नव्या प्रवेशांची संख्या घटविली, हेही ध्यानी असू द्यावे, आणि सर्व अंडी एकाच टोपलीत घालणाऱ्याने घरच्या परीक्षांचे अर्जही भरून ठेवावे. आपली तीन वर्षांची बी.एस्सी. तेथे पुष्कळ ठिकाणी अपुरी धरतात. नवीन धोरणाने चार वर्षांची पदवी आली आहे, ती किंवा एम्.एस्सी. असेल तर अडचण राहत नाही.

जर्मनीची रीत निराळी. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. बाडेन-वुर्टेंबर्ग प्रांतात मात्र २०१७ पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांस सहामाहीस १५०० युरो द्यावे लागतात आणि म्यूनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून फी सुरू केली. राहण्याखाण्याचा खर्च करण्याची ऐपत दाखविण्यासाठी बँकेत रक्कम अडकवून ठेवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरात ती वर्षास ११,९०४ युरो ठरली. भारतीय विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका तपासून देणारे 'एपीएस' प्रमाणपत्रही २०२२ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचे झाले आहे. ते मिळण्यास वेळ लागतो. तेव्हा तेथे जाऊ इच्छिणाऱ्याने एक वर्ष आधी तयारीस लागावे.

आता मुलींविषयी बोललेच पाहिजे, कारण सभेपूर्वीच एका गृहस्थांनी मला बाजूस घेऊन सांगितले, की 'मुलीला बंगलोरचे पत्र आले आहे, पण आम्ही तिला घरापासून जवळच्या महाविद्यालयातच घालणार.' मी त्यांचे नाव घेणार नाही. ते येथेच बसले आहेत. त्यांना एवढेच सांगतो. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिली आलेली कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, याच बंगलोरच्या संस्थेच्या दाराशी उभी राहिली. विषय रसायन मुख्य नि भौतिक दुय्यम. संचालक होते साक्षात चंद्रशेखर व्यंकट रामन. ते स्त्री म्हणून तिला घेण्यास तयार नव्हते. तिने माघार घेतली नाही. अखेर एक वर्ष उमेदवारी आणि आणखीही अटी घालून त्यांनी प्रवेश दिला, आणि तिचे काम पाहून पुढे इतर मुलींनाही दार उघडले. तीच मुलगी १९३९ साली केंब्रिजची पीएच्.डी. झाली. रामन यांच्यासारखा हट्टी पुरुष वर्षभरात वळला. आज संस्था आपणहून पत्र पाठवून बोलावीत आहे आणि अडथळा करणारे आपण घरचेच असावे, हे काही मला योग्य वाटत नाही. लग्नाचे वय जाईल म्हणता. तर पंचविशीत महिना सदतीस हजारांचे वेतन घेणाऱ्या मुलीस स्थळे कमी येतात असा माझा अनुभव नाही, आणि जी येत नाहीत ती न आलेलीच बरी.

पालकांचा धाक असावा, पण तो कसा असावा याचे एक उदाहरण होमी भाभांच्या वडिलांचे आहे. त्यांनी मुलास १९२७ साली केंब्रिजला यंत्रविद्या शिकण्यास पाठविले. वर्षभरात मुलाने कळविले की माझे मन भौतिकशास्त्रात आहे. वडिलांनी पैसे बंद केले नाहीत, आणि लगेच मानही तुकविली नाही. यंत्रविद्येत पहिला वर्ग आण, मग गणितासाठी आणखी राहण्याचा खर्च मी देईन, असा करार केला. मुलाने १९३० साली पहिला वर्ग आणून दाखविला आणि वडिलांनी शब्द पाळला. पुढे १९४५ साली ज्याने टाटा संस्था स्थापिली तो हाच मुलगा.

शेवटी, आपल्या संस्थेच्या शिक्षणनिधीसंबंधी कार्यकारी मंडळास एक विनंती आहे. आपण दरवर्षी गुणवंतांस पेला, शाल आणि थोडी रोख रक्कम देतो. पेल्यांना माझा विरोध नाही, घरात शोभतात. परंतु ज्या मुलाची अडचण आहे ती वेगळ्याच जागी आहे. चार-पाच परीक्षांचे अर्ज, मुलाखतीसाठी बंगलोर-कलकत्त्याचे रेल्वेभाडे, परदेशी विद्यापीठांस प्रत्येक अर्जामागे डॉलरांत भरावी लागणारी रक्कम, या पायरीशीच गरीब घरचा मुलगा अडखळतो आणि एकाच ठिकाणी अर्ज करून नशिबावर हवाला ठेवतो. निधीतून ही रक्कम परतीच्या बोलीवर द्यावी. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी जो निधी स्थापिला, तो अशाच कर्ज-शिष्यवृत्तीच्या तत्त्वावर आजतागायत चालला आहे. आधीच्या विद्यार्थ्याने फेडावे, त्यातून पुढच्याने शिकावे. आपला निधी त्यापुढे थेंबाएवढा; पण रेल्वेभाड्यास पुरेल.

परीक्षांच्या तारखा कार्यालयाच्या फलकावर लावण्याचे चिटणिसांनी मान्य केले आहे. 'जॅम'चे अर्ज साधारणतः सप्टेंबरात निघतात, म्हणजे गणपतीच्या धामधुमीत. तेव्हा आरतीला गेलात तरी फलक पाहावयास विसरू नका. टाटा संस्थेची परीक्षा डिसेंबरच्या सुमारास असते. अमेरिकेच्या अर्जांची मुदतही पुष्कळ ठिकाणी डिसेंबरातच संपते. यासाठी शिफारसपत्रे दिवाळीपूर्वी मागून ठेवावी. ज्यांना अर्जाचा किंवा पत्राचा मसुदा दाखवावयाचा असेल त्यांनी रविवारी सकाळी कार्यालयात यावे. मी आठपासून दहापर्यंत तेथे असतो.